बेळगाव सीमाभागातील पाऊस, हवामानाच्या नोंदी आणि अंदाज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्याच्या अखेरीस बियाण्यांच्या पिशव्या घरात येऊन पडल्या की, बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी आणि अथणीकडच्या मराठी वाचकांचे हवामानाविषयीचे प्रश्न सुरू होतात. त्यांपैकी नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. अंदाज जिल्ह्यासाठी काढलेला असतो आणि आपल्याला चिंता असते ती आपल्या शिवाराची. त्यामुळे गावातल्या नोंदीचा विषय या उत्तरांत पुन:पुन्हा येईल, याची वाचकांनी तयारी ठेवावी.

मुंबई-पुण्याच्या वाहिन्यांवर सांगितला जाणारा अंदाज आम्हाला लागू पडतो का?

जसाच्या तसा लागू पडत नाही. भारतीय हवामान विभागाने देशाचे ३६ हवामान उपविभाग केले आहेत. मराठी वाहिन्यांवर त्यांपैकी कोकण व गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ एवढ्यांचीच नावे ऐकू येतात. बेळगाव जिल्हा ‘उत्तर अंतर्गत कर्नाटक’ या उपविभागात मोडतो आणि त्याचे अंदाज बेंगळुरूच्या हवामान केंद्रातून निघतात. मात्र याच उपविभागात रायचूर, कलबुर्गी आणि बिदर हेही जिल्हे आहेत. कणकुंबीचे जंगल आणि रायचूरचे माळरान यांना एकत्र धरून काढलेल्या वाक्यातून खानापूरच्या शेतकऱ्याने काय घ्यावे, हा प्रश्न रास्तच आहे.

म्हणून उपविभागाच्या अंदाजावर न थांबता जिल्हानिहाय इशारा पाहावा आणि त्याच्या जोडीला शेजारचाही पाहावा. निपाणी आणि संकेश्वरच्या लोकांनी कोल्हापूर जिल्ह्याचा, जांबोटी-कणकुंबीच्या लोकांनी गोव्याचा, तर अथणीच्या लोकांनी सांगली आणि विजयपूरचा इशारा पाहिला, तर चित्र बरेच स्पष्ट होते. कारभाराची हद्द कोगनोळीच्या नाक्यावर बदलते, पण ढग त्या नाक्यावर थांबत नाहीत.

बेंगळुरूचे पत्रक कन्नडमध्ये असते. त्यातील कोणते शब्द ओळखता आले पाहिजेत?

मोजकेच शब्द पुरेसे आहेत. ‘मळे’ म्हणजे पाऊस, ‘गाळी’ म्हणजे वारा, ‘गुडुगु’ म्हणजे गडगडाट आणि ‘मिंचु’ म्हणजे वीज. ‘मुन्सूचने’ म्हणजे पूर्वानुमान. ‘उत्तर ओळनाडु’ असे दिसले की, तो आपला उपविभाग समजावा. ‘करावळी’ म्हणजे किनारपट्टी. इशाऱ्यांच्या रंगांना ‘हळदि’, ‘कित्तळे’ आणि ‘केंपु’, म्हणजे पिवळा, नारिंगी आणि लाल, असे म्हणतात. सीमाभागात वाढलेल्या बहुतेकांना हे शब्द कानावरून ठाऊक असतातच. पत्रकात ते लिपीमुळे तेवढे परके वाटतात.

एकाच जिल्ह्यात कणकुंबीला पूर येतो आणि अथणीला टँकर लागतो, असे का?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण याचे उत्तर समजल्याशिवाय जिल्ह्याचा कोणताही अंदाज नीट वाचता येत नाही.

नैर्ऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन येतात आणि सह्याद्रीला धडकून वर चढतात. उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने ही हवा प्रसरण पावते, थंड होते आणि तिच्यात न मावणारे बाष्प पाऊस होऊन पडते. चोर्ला घाटाच्या माथ्यावरचे कणकुंबी, आमगाव आणि जांबोटीचा पट्टा नेमका या चढणीच्या तोंडाशी आहे. मलप्रभेचा उगम कणकुंबीला आहे, त्यामागचे कारणही हेच. डोंगर ओलांडल्यावर तीच हवा खाली उतरू लागते, तापते आणि कोरडी होते. या पलीकडच्या बाजूला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. कणकुंबीपासून अथणी सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे, पण घाटमाथ्यावर एका हंगामात हजारो मिलिमीटर पाऊस पडतो, तेव्हा अथणी भागात वर्षभरात जेमतेम ५०० ते ६०० मिलिमीटर पडतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर वसलेले बेळगाव शहर या दोन टोकांच्या मध्ये येते.

दोन्ही टोकांचा पाऊस येतोही वेगवेगळ्या वाटांनी. गुजरातपासून केरळपर्यंत किनाऱ्याला समांतर कमी दाबाचा पट्टा तयार झाला की, खानापूरच्या पश्चिमेला आठ-आठ दिवस झड लागते. अथणी आणि रायबागची भिस्त मात्र वळवावर, बंगालच्या उपसागरातून पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांवर आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या परतीच्या पावसावर असते. म्हणूनच जुलैमध्ये खानापुरात भातरोपांची लागवड चालू असताना त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला पेरलेले वाळते, यात विसंगत असे काही नाही. जिल्ह्याची सरासरी काढताना या दोन्ही टोकांची बेरीज होते आणि निघालेला आकडा धड एकाही गावाचा नसतो.

‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ म्हणजे नेमके काय?

हवामान खात्याच्या भाषेत या शब्दांना ठरलेली मापे आहेत. ती माहीत नसल्यामुळेच ‘अंदाज चुकला’ अशी निम्मी तक्रार होते, असे आमचे मत आहे.

‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या क्षेत्रातील पर्जन्यमापन केंद्रांपैकी २५ टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५ टक्के आणि त्यापुढे ‘बहुतांश ठिकाणी’. पावसाची मापेही अशीच ठरलेली आहेत. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस झाला तर तो मुसळधार, ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर झाला तर अति मुसळधार आणि २०४.५ मिलिमीटर किंवा अधिक झाला तर अत्यंत मुसळधार. दिवसभरात २.५ मिलिमीटर तरी पडले, तरच तो दिवस ‘पावसाळी दिवस’ म्हणून मोजतात.

तेव्हा ‘बेळगाव जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मुसळधार’ या वाक्याचा अर्थ असा की, चार केंद्रांमागे फार तर एका केंद्रावर एवढा पाऊस अपेक्षित आहे. जून-जुलैत ते केंद्र बहुधा खानापूर तालुक्यातले असणार, हे आधीच्या उत्तरावरून आपल्याला सांगता येते. गोकाकमध्ये त्या दिवशी ऊन पडले, तरी अंदाज चुकला असे होत नाही.

पिवळा, नारिंगी आणि लाल इशारा पाहून काय करायचे?

हिरव्या रंगाला काही करावे लागत नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे कृती करा. रंग ठरवताना केवळ पावसाचे माप नव्हे, तर त्याचा त्या भागावर होऊ शकणारा परिणाम आणि त्याची शक्यताही विचारात घेतली जाते. त्यामुळे नारिंगी रंग म्हणजे अमुक इतके मिलिमीटर, असे समीकरण पाठ करून ठेवू नये.

आमच्या गावात परवा ढगफुटी झाली. तिची नोंद का झाली नाही?

बहुतेक वेळा ती ढगफुटी नसते. साधारण २० ते ३० चौरस किलोमीटर क्षेत्रावर एका तासात १०० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला, तरच त्याला ढगफुटी म्हणतात. वृत्तपत्रांना हा शब्द प्रिय आहे, एवढेच.

आठ जूनला रात्री पडलेला पाऊस नऊ जूनच्या तारखेत का दाखवतात?

कारण पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला संपतो. मोजणी ज्या सकाळी होते, त्या सकाळच्या तारखेला आधीच्या चोवीस तासांचा पाऊस लिहितात. विम्याच्या अर्जात किंवा पंचनाम्यात तारीख लिहिताना या एका दिवसाच्या फरकामुळे घोळ होतो. तेव्हा घटना केव्हा घडली, हे तारखेबरोबर वेळेसह लिहावे.

‘सरासरीपेक्षा कमी पाऊस’ म्हणतात, ती सरासरी कशाची?

एखाद्या ठिकाणचे सामान्य हवामान ठरवण्यासाठी तीस वर्षांच्या नोंदी घेण्याचा जागतिक संकेत आहे. सध्या त्यासाठी १९९१ ते २०२० हा कालखंड धरतात. देशाच्या मोसमी पावसाचा दीर्घकालीन अंदाज देताना मात्र १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांची सरासरी वापरली जाते, आणि ती सुमारे ८७ सेंटिमीटर आहे. तिच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस झाला तर देशाचा मोसम ‘सामान्य’ ठरतो.

जिल्ह्याचा हिशेब याहून ढिला असतो. सरासरीच्या १९ टक्के खाली किंवा वर असलेला पाऊस ‘सामान्य’ गणतात. उणे २० ते उणे ५९ टक्क्यांना ‘तुटीचा’ म्हणतात. शिवाय जूनमधली तूट जुलैच्या एका आठवड्यात कागदावर भरून निघते, पण जूनमध्ये करपलेले सोयाबीन त्यामुळे परत उगवत नाही. एकूण बेरजेपेक्षा दोन पावसांमध्ये किती दिवसांचा खंड पडला, हे शेतीसाठी अधिक मोलाचे आहे आणि टक्केवारीच्या तक्त्यात नेमके तेच दिसत नाही.

किती दिवस आधीच्या अंदाजावर विश्वास ठेवावा?

गडगडाटी पावसाचा तीन तासांपुरता तात्कालिक अंदाज रडार आणि उपग्रहाच्या आधारे दिला जातो. तो अल्पायुषी असला तरी कामाचा असतो. आपल्याला जवळचे डॉप्लर रडार पणजीचे आहे, परंतु मधल्या सह्याद्रीमुळे त्याच्या किरणांना पूर्वेकडचे खालचे ढग नीट दिसत नाहीत. दोन-तीन दिवसांच्या अंदाजावर फवारणी, खताची मात्रा आणि कापणी ठरवण्यास हरकत नाही. पाच दिवसांपर्यंतचा अंदाज मजूर किंवा यंत्र सांगून ठेवण्यापुरता वापरावा. त्यापुढचा अंदाज म्हणजे केवळ कल समजावा. दर गुरुवारी चार आठवड्यांचा विस्तारित अंदाजही निघतो. पावसाचा जोर वाढेल की उघडीप राहील एवढे त्यातून कळते, आपल्या गावी कोणत्या दिवशी पडेल हे कळत नाही.

संगणकीय प्रारूप पृथ्वीच्या पृष्ठभागाचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाचे गणित करते. मे २०२५ मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’मध्ये हा चौकोन सहा किलोमीटरचा झाला, त्याआधी तो बारा किलोमीटरचा होता. सहा किलोमीटर म्हणजे आपल्याकडची दोन-तीन गावे एका चौकोनात बसतात. मोबाइलवरचे काही ॲप तासातासाचा पाऊस गावाच्या नावानिशी दाखवतात, तेव्हा त्यामागेही असेच चौकोन असतात, हे विसरू नये.

मृग, आर्द्रा आणि त्यांची वाहने यांवर अवलंबून राहणे चुकीचे आहे का?

नक्षत्रे हे मूळात सूर्याच्या स्थानावर आधारलेले कालमापन आहे. रोहिणी, मृग, आर्द्रा, तरणा पाऊस, म्हातारा पाऊस ही नावे वर्षाचे तेरा-चौदा दिवसांचे तुकडे पाडतात, आणि कोणत्या तुकड्यात काय पेरावे याचा पिढ्यांचा अनुभव त्या नावांना चिकटलेला आहे. ‘पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती’ या म्हणीत रब्बीसाठी जमिनीत उरणाऱ्या ओलीचे ज्ञान आहे. दिनदर्शिका म्हणून नक्षत्रे उत्तम आहेत आणि पावसाच्या वहीत तारखेशेजारी नक्षत्र लिहिले, तर घरातील वडीलधाऱ्यांनाही ती वही वाचता येते.

वाहनांचे मात्र वेगळे आहे. बेडूक, म्हैस किंवा हत्ती आला म्हणजे भरपूर पाऊस, हे पंचांगाच्या गणितातून निघते. त्यात त्या वर्षीच्या समुद्राचा किंवा वाऱ्याचा काहीही संबंध नसतो. शिवाय एकच वाहन कणकुंबीला आणि अथणीला सारखेच लागू धरावे लागते. ज्यांना वाहनावर विश्वास आहे त्यांनी पाच वर्षे वाहन आणि प्रत्यक्ष पाऊस शेजारी-शेजारी लिहून पाहावा.

घरी पाऊस मोजता येतो का?

येतो, आणि तो मोजावाच. सरळ उभ्या भिंतींचे, सपाट तळाचे कोणतेही भांडे चालते. तोंड आणि तळ सारखेच रुंद असले, की भांड्याच्या आकाराने फरक पडत नाही; साचलेल्या पाण्याची पट्टीने मोजलेली उंची म्हणजेच मिलिमीटरमधील पाऊस. बादलीचे तोंड तळापेक्षा रुंद असते, म्हणून ती चालत नाही. कृषी दुकानात मिळणारे प्लॅस्टिकचे पर्जन्यमापक स्वस्त असतात आणि पुरेसे असतात.

खरी चूक जागा निवडताना होते. पर्जन्यमापकाचे तोंड जमिनीपासून सुमारे ३० सेंटिमीटर उंच आणि सपाटीत असावे. घर, नारळ किंवा गोठा जेवढा उंच असेल, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर मापक ठेवावे. गच्चीच्या कठड्याशेजारी ठेवलेल्या मापकात वाऱ्यामुळे पाऊस कमी भरतो. मोजणी रोज सकाळी साडेआठलाच करावी, आणि पाऊस नसेल त्या दिवशी रकाना रिकामा न सोडता शून्य लिहावे. रिकामा रकाना दिसला तर पाऊस पडला नाही की मोजायचे राहिले, हे पुढे कोणालाच सांगता येत नाही.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरवर एक लिटर पाणी. त्या हिशेबाने एका गुंठ्यावर सुमारे १०१ लिटर आणि एकरावर सुमारे ४,०४७ लिटर पाणी पडते. पंचवीस मिलिमीटरचा एक चांगला पाऊस एकरी एक लाख लिटर पाणी देऊन जातो. उसाची पाळी पुढे ढकलायची की नाही, हे त्यावरून ठरवता येते. तीन-चार वर्षांच्या नोंदी झाल्या की, जिल्ह्याला नारिंगी इशारा असताना आपल्या शिवारात साधारण किती पाऊस पडतो, याचा स्वतःचा ताळा तयार होतो. हा ताळा विकत मिळत नाही.

सरकारी नोंद आमच्या गावाच्या किती जवळची असते?

कर्नाटकात ती बरीच जवळची आहे. कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्राने ग्रामपंचायत पातळीपर्यंत स्वयंचलित पर्जन्यमापके बसवली आहेत आणि ती दर पंधरा मिनिटांनी आकडे पाठवतात. ‘वरुण मित्र’ या त्याच केंद्राच्या मदतवाहिनीवर आपल्या होबळीचा, म्हणजे तालुक्याखालच्या महसुली विभागाचा, अंदाज विचारता येतो. भारतीय हवामान विभागाची बेळगावची वेधशाळा सांबरा विमानतळावर आहे. म्हणून शहरातील टिळकवाडीत धो-धो पाऊस पडूनही ‘बेळगावचा’ अधिकृत आकडा कधी कधी किरकोळ दिसतो.

आमच्याकडे ऊन असताना कृष्णेला पूर येतो. त्याचा अंदाज कोठे पाहायचा?

चिक्कोडी, निपाणी, रायबाग आणि अथणी तालुक्यांतील नदीकाठी हा सर्वांत निकडीचा प्रश्न असतो. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी तो पुरेसा शिकवला आहे. या गावांना बुडवणारे पाणी त्यांच्या आभाळातून पडलेले नसते. कृष्णा महाबळेश्वरहून, दूधगंगा आणि वेदगंगा राधानगरी-भुदरगडच्या डोंगरांतून आणि संकेश्वरकडची हिरण्यकेशी आंबोलीहून येते. त्यामुळे स्थानिक पावसाच्या अंदाजापेक्षा कोल्हापूर, सांगली आणि सातारा जिल्ह्यांच्या घाटमाथ्यावरील इशारा पाहावा.

त्यानंतर आकडे पाहावेत ते नदीचे. पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पंचगंगेचे पाणी नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळते, राजापूर बंधाऱ्यावरून पुढे येते आणि कल्लोळजवळ त्यात दूधगंगेची भर पडते. म्हणून राजापूरचा विसर्ग आणि दूधगंगेचा विसर्ग यांची बेरीज करण्याची आपल्याकडची पद्धत योग्य आहे. कल्लोळ-येडूर, कारदगा-भोज, जत्राट-भिवशी यांसारखे बंधारे-पूल कोणत्या विसर्गाला पाण्याखाली जातात, याची नोंद गावाने ठेवली, तर पुढच्या वर्षी जनावरे हलवायला किती वेळ हाती आहे, हे आधी सांगता येते. एक लाख क्युसेक (क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट) विसर्ग चोवीस तास चालला, तर ८.६४ टीएमसी (टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) पाणी जाते. १०५ टीएमसीच्या कोयनेशी किंवा खालच्या १२३ टीएमसीच्या आलमट्टीशी ताडून पाहिल्यावर या आकड्याचे वजन कळते. केंद्रीय जल आयोग नदीच्या पातळीचे पूर्वानुमान देतो आणि दूधगंगेवर सदलगा येथे त्याचे मापन केंद्र आहे.

एल निनो आला म्हणजे दुष्काळ ठरलेलाच का?

ठरलेला नसतो. प्रशांत महासागराच्या विषुववृत्तीय भागातील पाणी नेहमीपेक्षा तापले की आपला मोसमी पाऊस मंदावण्याची शक्यता वाढते. २०२३ मध्ये तसे झाले. १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वांत कोरडा ऑगस्ट देशाने पाहिला आणि कर्नाटकातील दोनशेहून अधिक तालुके दुष्काळग्रस्त जाहीर झाले. पण १९९७ च्या प्रबळ एल निनोत देशाचा पाऊस सरासरीच्या १०२ टक्के झाला होता. हिंदी महासागराच्या पश्चिम आणि पूर्व भागांतील तापमानाचा फरक अनुकूल असेल, तर एल निनोचा परिणाम झाकला जाऊ शकतो.

वळवाच्या वेळी विजेपासून कसे वाचावे?

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप जवळपासच्या विजांची सूचना देते. रेंज नसेल तर वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत; तीन सेकंदांना एक किलोमीटर असा हिशेब आहे. तीस सेकंदांच्या आत आवाज आला, तर शिवार सोडून पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. आंब्याखाली किंवा गंजीच्या आडोशाला थांबणे सर्वांत घातक असते.

पीक विम्यासाठी हवामानाच्या नोंदींचा उपयोग होतो का?

होतो. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत गारपीट, शेतात पाणी साचणे यांसारख्या स्थानिक आपत्तीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागते. हवामानाधारित विमा योजनेत तर भरपाईच नेमलेल्या केंद्राच्या आकड्यांवर ठरते. तेव्हा आपले पीक कोणत्या केंद्राशी जोडले आहे, हे हप्ता भरतानाच विचारून घ्यावे. घरच्या वहीला कायदेशीर पुरावा म्हणून मान्यता नसते. पण अधिकाऱ्याशी बोलताना हातात तारीखवार आकडे असले, तर बोलणे अंदाजपंचे राहत नाही.

निपाणी भागातील तंबाखूचे उदाहरण येथे सांगण्यासारखे आहे. विडीचा तंबाखू तोडून उघड्यावर उन्हात वाळवतात, आणि त्या दिवसांत आलेली एक अवकाळी सर मालाचा रंग आणि दर दोन्ही उतरवते. दोन दिवसांच्या अंदाजाचे मोल तेथे थेट रुपयांत मोजता येते.

बेळगावची थंड हवा आता राहिली नाही, हे नोंदींवरून सिद्ध होते का?

बेळगावला एके काळी ‘गरिबांचे महाबळेश्वर’ म्हणत आणि शहरात राहणाऱ्यांना उन्हाळा बदलल्याचे जाणवते, हे खरे. मात्र शहरातील झाडे जाऊन सिमेंट आल्याने वाढलेली उष्णता वेगळी आणि साऱ्या पृथ्वीच्या तापमानवाढीमुळे वाढलेली वेगळी. सांबऱ्याच्या मोकळ्या माळावरील तापमापक पहिली उष्णता पुरती पकडत नाही. शिवाय अधिकृत तापमान पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत, सावलीत आणि जमिनीपासून सव्वा मीटरवर मोजतात. चौकातल्या फलकाशी किंवा मोटारीतल्या आकड्याशी त्याची तुलना होत नाही. एवढे निश्चित आहे की, हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के अधिक बाष्प मावते, त्यामुळे जोरदार सरी अधिक जोरदार होण्याकडे कल राहतो.

आमच्या भागाच्या जुन्या नोंदी कोठे मिळतील?

हवामान विभागाच्या पुण्यातील राष्ट्रीय विदा (डेटा) केंद्रात त्या मिळतात. देशाला २५ किलोमीटरच्या सुमाराच्या चौकोनांत विभागून तयार केलेले १९०१ पासूनचे रोजच्या पावसाचे आकडे संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे त्याआधीचे छापील अहवाल शोधताना ते मुंबई इलाख्याच्या आणि मुंबई राज्याच्या कागदपत्रांत पाहावेत.

जुन्या घरांत, साखर कारखान्यांत आणि सोसायट्यांच्या कपाटांतही पावसाच्या वह्या सापडतात. त्यांतील आकडे बहुधा इंच आणि सेंटमध्ये असतात. सेंट म्हणजे इंचाचा शंभरावा भाग. ‘२-३५’ असे लिहिलेले असेल तर तो २.३५ इंच, म्हणजे सुमारे ६० मिलिमीटर पाऊस होय. अशी वही हाती लागल्यास प्रथम तिच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र काढून ठेवावे आणि मापक गावात नेमके कोठे होते, हे आठवणाऱ्या माणसाकडून ती जागा लिहून घ्यावी.